समाजशास्त्राचा प्राथमिक अभ्यास ऑनलाइन कसा करावा : आधी अंदाज, मग आकडे, मग चर्चा

समाजशास्त्राचे प्राथमिक धडे ऑनलाइन ऐकताना एक अडचण येते, जी गणित किंवा भौतिकशास्त्र शिकताना सहसा येत नाही. कुटुंब, लग्न, शिक्षण, जात, शहर, नोकरी या विषयांवरचे प्रत्येक वाक्य आधीच माहीत असल्यासारखे वाटते. व्याख्यान संपते, आपण मान डोलावलेली असते आणि तरीही आपली मूळची समजूत जागची हललेली नसते. गणितातली चूक उत्तर ताडून पाहिले की उघडी पडते. समाजाविषयीची चुकीची समजूत मात्र पदवी मिळाल्यानंतरही सुखाने नांदू शकते. म्हणून या विषयासाठी ऑनलाइन साधने निवडताना आणि वापरताना एकच कसोटी लावावी, असे माझे मत आहे : या साधनासमोर बसल्यावर मला काही लिहावे, मोजावे किंवा मांडावे लागते का, आणि मी जे मांडले ते चुकीचे ठरण्याची सोय त्यात आहे का? ज्यात ही सोय आहे ते परस्परसंवादी शिक्षण. बाकीचे, कितीही बटणे आणि हलती चित्रे असली तरी, केवळ पाहणे आहे.

हा लेख बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांसाठी आणि शिक्षण, आरोग्य, पत्रकारिता अशा क्षेत्रांत काम करताना या विषयाची गरज जाणवलेल्या वाचकांसाठी लिहिला आहे. एका सत्राचा, म्हणजे साधारण चार महिन्यांचा आणि आठवड्याला पाच-सहा तासांचा अभ्यास गृहीत धरला आहे.

मुख्य आधार एकच ठेवावा

पहिल्याच आठवड्यात दहा संकेतस्थळे जमवून ठेवण्याचा मोह टाळावा. क्रम ठरवण्यासाठी एकच पाठ्यपुस्तक किंवा एकच अभ्यासक्रम घ्यावा आणि बाकीची साधने त्या-त्या प्रकरणापुरती वापरावीत. मराठीतून सुरुवात करणाऱ्यांसाठी बालभारतीची अकरावी आणि बारावीची समाजशास्त्राची पुस्तके सर्वांत सोयीची आहेत; ती मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके इंग्रजी आणि हिंदीत मोफत मिळतात. त्यांतील प्रत्येक प्रकरणात वाचकाला काही करायला सांगणाऱ्या चौकटी आहेत. बहुतेक विद्यार्थी या चौकटी गाळून पुढे जातात, वास्तविक त्या पुस्तकांचे खरे मोल तिथेच आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचे समाजशास्त्र परिचयाचे पुस्तक, २०२१ ची तिसरी आवृत्ती, प्रकरणागणिक प्रश्नांसह मोफत उपलब्ध आहे. मात्र त्यातील उदाहरणे अमेरिकेची आहेत. तिथला वंशभेद आणि इथली जात एकच समजून पुढे गेल्यास सामाजिक स्तरीकरणाचे, म्हणजे समाजातील उच्च-नीच थरांचे, प्रकरण पायापासूनच चुकते.

केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या २०१७ साली सुरू झालेल्या व्यासपीठावरील अभ्यासक्रम व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा अशा चार भागांत रचलेले असतात. शिकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असल्यास देखरेखीखालील परीक्षा शुल्क भरून द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा मार्गाने पूर्ण करण्यास मुभा आहे. परंतु आपले महाविद्यालय नेमका कोणता अभ्यासक्रम मान्य करते हे नोंदणीपूर्वी लेखी विचारून घ्यावे. संज्ञांचा अर्थ पाहण्यासाठी मराठी विश्वकोशाची ऑनलाइन आवृत्ती जवळ ठेवावी आणि प्रत्येक संज्ञेसमोर मराठी व इंग्रजी रूप, एका वाक्यातील अर्थ आणि स्वतःच्या परिसरातील एक उदाहरण अशी वही पहिल्या दिवसापासून सुरू करावी. उदाहरणाचा रकाना रिकामा राहिला तर ती संज्ञा अजून समजलेली नाही.

आठवड्याची घडी

प्रत्येक आठवड्यात एक प्रकरण घ्यावे आणि ते उघडण्यापूर्वी दहा मिनिटे कोऱ्या कागदासमोर बसावे. प्रकरण ‘कुटुंब’ असेल तर लिहावे : आपल्याकडे एकत्र कुटुंबे का कमी झाली असे मला वाटते? पूर्वी खरोखरच बहुसंख्य लोक एकत्र कुटुंबात राहत होते का? हे मला कशावरून माहीत आहे? उत्तर चुकीचे असण्याची भीती बाळगू नये; ते कागदावर उतरणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे जे वाचायचे ते या उत्तराशी ताडून पाहायचे असते.

त्यानंतर व्हिडिओ आणि वाचन. व्हिडिओ सलग पाहू नये. दर सात-आठ मिनिटांनी थांबवावा, तोवरचा मुद्दा टिपणाकडे न पाहता दोन वाक्यांत लिहावा आणि मगच पुढे जावे. हे जाचक वाटते, वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण त्याचा उपयोग प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने येणारा आत्मविश्वास अल्पजीवी असतो, ही गोष्ट परीक्षेच्या आदल्या रात्री व्याख्याने दुप्पट वेगाने पाहणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी.

आठवड्याच्या शेवटी स्वयंचाचणी सोडवावी. बहुपर्यायी प्रश्नांत केवळ बरोबर पर्याय निवडून थांबू नये. उरलेले पर्याय का चुकीचे आहेत हे प्रत्येकी एका ओळीत लिहावे. एमिल दुर्खीम यांची ‘सामाजिक तथ्य’ (व्यक्तीवर बाहेरून दबाव आणणाऱ्या समाजाच्या रीती) ही संकल्पना, माक्स वेबर यांचा सामाजिक कृतीचा (इतरांना लक्षात घेऊन केलेल्या अर्थपूर्ण कृतीचा) विचार आणि कार्ल मार्क्स यांची वर्गसंघर्षाची मांडणी यांत गल्लत होते ती नेमकी अशा पर्यायांत उघडी पडते. या तिघांची जन्मवर्षे पाठ करण्यात वेळ घालवू नये. एकच घटना, समजा एखाद्या कारखान्यातील संप, तिघांनीही पाहिली असती तर प्रत्येकाने पहिला प्रश्न कोणता विचारला असता, हे लिहिता आले म्हणजे ते प्रकरण पुरे झाले.

आकड्यांशी संवाद : जनगणनेचे एक उदाहरण

या विषयाचे सर्वांत समृद्ध ऑनलाइन साहित्य कोणत्याही शिकवणीत नाही, ते सरकारी सारण्यांत आहे. जनगणनेचे तक्ते आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हानिहाय पत्रिका कोणालाही मोफत पाहता येतात. पाचवे सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात ७०७ जिल्ह्यांत झाले आणि त्यात सहा लाखांहून अधिक कुटुंबे समाविष्ट होती. पुढची जनगणना लांबल्यामुळे तपशीलवार तुलनेसाठी २०११ चीच जनगणना वापरावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता एक अभ्यास करून पाहावा. तक्ता उघडण्याआधी कागदावर लिहावे : महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या कोणत्या जिल्ह्यात सर्वाधिक असेल आणि का? शिक्षणाचे प्रमाण जास्त म्हणून मुंबई किंवा पुणे, असे उत्तर पुष्कळ जण देतात. तक्ता सांगतो की २०११ साली रत्नागिरीत हे प्रमाण ११२२ होते आणि सिंधुदुर्गात १०३६. मुंबई शहर जिल्ह्यात मात्र ते साडेआठशेच्याही खाली होते. पहिला अंदाज येथे कोसळतो आणि खरा अभ्यास सुरू होतो. रत्नागिरीत स्त्रियांना अधिक मान मिळतो, म्हणून त्या अधिक आहेत, असा निष्कर्ष काढायचा का? की पुरुष तिथे नाहीत, म्हणून प्रमाण वाढलेले दिसते? मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली आणि पुढे गिरणगावाने कोकणातील पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या ओढून नेले; बायको, आईवडील आणि शेत गावी, चाकरमानी परळ-लालबागच्या खोलीत आणि दोघांमध्ये मनीऑर्डर. जे दोन आकडे एकमेकांपासून तुटलेले दिसत होते ते एकाच स्थलांतराची दोन टोके आहेत, हे येथे लक्षात येते. एका घरातील ताटातूट आणि एका शहराचा औद्योगिक इतिहास यांचा संबंध जोडण्याची ही दृष्टी म्हणजेच सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली मांडलेली समाजशास्त्रीय कल्पनाशक्ती. ती व्याख्या पाठ करून येत नाही, अशा तक्त्यासमोर बसल्यावर येते.

त्याच तक्त्यात आणखी एक पायरी उतरावी. राज्याचे एकूण लिंगगुणोत्तर २००१ साली ९२२ होते ते २०११ साली ९२९ झाले. केवळ एवढेच पाहणारा म्हणेल, परिस्थिती सुधारली. आता शून्य ते सहा वर्षे वयोगटाचा रकाना पाहावा : तिथे ९१३ वरून ८९४ अशी घसरण आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. प्रौढ आणि वृद्ध स्त्रियांचे आयुर्मान वाढल्याने एकूण प्रमाण वर जाऊ शकते आणि त्याच काळात गर्भलिंग निदानामुळे जन्माला येणाऱ्या मुली कमी होऊ शकतात. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम, १९८८ साली, कायदा केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. मग कायदा असताना घसरण का झाली, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः मांडावा आणि त्याची तीन संभाव्य उत्तरे लिहावीत, त्यांपैकी निदान एक तरी ‘लोक अडाणी आहेत’ यापेक्षा वेगळे असावे. हुंडा, जमिनीचा वारसा, लहान कुटुंबाचा आग्रह आणि सोनोग्राफीची उपलब्धता यांपैकी कोणते कारण कोणत्या जिल्ह्यात तपासता येईल, तेही लिहावे. हा एक धडा नीट केला तर लोकसंख्या, स्त्री-पुरुष असमानता, स्थलांतर आणि संशोधनपद्धती अशा चार प्रकरणांची पूर्वतयारी होते, म्हणून त्यावर दोन आठवडे खर्च झाले तरी ते थोडेच.

प्रतिकृती वापराव्यात, पण त्यांच्याशी भांडावे

आंतरक्रियात्मक प्रतिकृतींपैकी, म्हणजे समाजातील एखादी प्रक्रिया पडद्यावर चालवून दाखवणाऱ्या मॉडेल्सपैकी, एक मी प्रत्येक नवशिक्याला आवर्जून सुचवतो. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ साली मांडलेल्या विचारावर व्ही हार्ट आणि निकी केस यांनी २०१४ मध्ये ‘पॅरेबल ऑफ द पॉलिगॉन्स’ हे खेळता येणारे पान तयार केले. त्रिकोण आणि चौकोन शेजारी-शेजारी राहतात. एखाद्याच्या शेजाऱ्यांपैकी एकतृतीयांशाहून कमी जण त्याच्यासारखे असतील तरच तो घर बदलतो. कोणीही कट्टर नाही, तरी काही वेळात वस्त्या जवळजवळ पूर्ण वेगळ्या होतात. शिवाय एकदा वस्त्या वेगळ्या झाल्या की केवळ पूर्वग्रह कमी करून त्या पुन्हा मिसळत नाहीत, हेही स्वतः घरे हलवताना दिसते. व्यक्तीचा हेतू आणि समाजाची घडण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे समजावण्यासाठी याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

तरी येथेच थांबणे धोक्याचे आहे. या प्रतिकृतीत प्रत्येकाला हवे तिथे जाण्याची मोकळीक आहे. आपल्या गावांत गावकुसाबाहेरच्या वस्त्या अशा सौम्य आवडीनिवडीतून तयार झाल्या नाहीत. त्या सक्तीने, बहिष्काराच्या धाकाने आणि पाणवठ्यावरील बंदीने टिकवल्या गेल्या. शहरात आडनाव ऐकून घर नाकारणारा मालकही या पानावर कुठे नाही. म्हणून प्रतिकृती चालवल्यानंतर ‘यात कोणता घटक गृहीत धरला आहे आणि कोणता वगळला आहे’ यावर अर्धे पान लिहावे. सत्ता हा घटक कुठे आला, हे शोधण्याची सवय संघर्षवादी दृष्टिकोन, म्हणजे समाजाकडे गटांतील सत्तेच्या झगड्यातून पाहणे, समजण्यास थेट उपयोगी पडते. गॅपमाइंडरच्या ‘डॉलर स्ट्रीट’वर निरनिराळ्या देशांतील घरांची छायाचित्रे उत्पन्नाप्रमाणे लावलेली आहेत, तिथेही हाच प्रश्न विचारावा : चूल दिसते, पण त्या चुलीसाठी लाकूड कोण आणते ते दिसते का?

एक मूळ लेख सावकाश वाचावा

प्राथमिक अभ्यासक्रमात मूळ लेखनाला हात लावायचा नाही, असा एक समज आहे. तो सोडून द्यावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींविषयी निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. तो निबंध लहान आहे, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे आणि ऑनलाइन मोफत वाचता येतो. जातीचे सार अंतर्विवाहात, म्हणजे जातीतच लग्न करण्याच्या बंधनात, आहे, असे प्रतिपादन करून ते पुढे दाखवतात की ही बंदिस्ती टिकवायची तर जोडीदार गमावलेल्या स्त्री-पुरुषांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथांचा उलगडा ते त्या प्रश्नातून करतात. म्हणजे जात आणि स्त्रीचे नियंत्रण या दोन प्रकरणांत विभागलेल्या गोष्टी त्यांनी एकाच सूत्रात बांधल्या.

वाचताना प्रत्येक परिच्छेदासमोर समासात तीनांपैकी एक खूण करावी : हे विधान आहे, हा पुरावा आहे, की हा दुसऱ्याच्या मताचा प्रतिवाद आहे. सामायिक दस्तऐवजात दोघा-तिघांनी मिळून अशा खुणा केल्या तर मतभेद कुठे होतात ते तत्काळ दिसते. यानंतर गो. स. घुर्ये यांची जातीची वैशिष्ट्ये, इरावती कर्वे यांचा नातेसंबंधांचा अभ्यास आणि एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची (खालच्या मानल्या गेलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलण्याची) संकल्पना पाठ्यपुस्तकातून वाचावी. घुर्ये १९२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि श्रीनिवास त्यांचे विद्यार्थी, हे माहीत असले की गुरू-शिष्यांतील फरकही वाचण्यासारखा वाटतो.

चर्चेचा गट आणि संभाषणाची साधने

चार ते सहा जणांचा गट पुरे. तो करताना एकाच वर्गातील, एकाच गल्लीतील मित्र घेऊ नयेत. गाव आणि शहर, मुलगे आणि मुली, निरनिराळे समाज आणि शक्य झाल्यास निरनिराळ्या पिढ्या एकत्र आल्या, तरच ‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य ऐकू येईल, आणि या विषयात त्या वाक्यापासूनच शिकणे सुरू होते. आठवड्याला एक तास व्हिडिओ कॉल, एकच प्रश्न आणि एक नियम : प्रत्येकाने आपला दावा, त्याचा आधार आणि त्याचे दुसरे संभाव्य स्पष्टीकरण असे तिन्ही सांगावे. जातीविषयी बोलताना कोणालाही आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून उत्तर देण्यास भाग पाडू नये. स्वतःचा अनुभव सांगायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संभाषणाची साधने वापरायची असतील तर त्यांच्याकडे उत्तर मागण्याऐवजी स्वतःचे उत्तर देऊन त्यावर आक्षेप मागावेत. ती नसलेली पुस्तके आणि चुकीची वर्षे पूर्ण आत्मविश्वासाने सांगू शकतात, त्यामुळे त्यांनी दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ ठिकाणी पाहिल्याशिवाय वहीत घेऊ नये.

शेवटचे काम : एक लहान सर्वेक्षण

सत्राच्या अखेरच्या महिन्यात स्वतःचे लहान सर्वेक्षण करावे. गूगल फॉर्म दहा मिनिटांत तयार होतो. प्रश्नावली मात्र दहा मिनिटांत होत नाही. ‘तुमच्या घरी स्त्री-पुरुष समानता आहे का?’ असा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर प्रत्येक जण होय असेच देईल. ‘काल सकाळचा चहा कोणी केला? कपबश्या कोणी विसळल्या? शेवटची मोठी खरेदी करण्याचा निर्णय कोणी घेतला?’ असे प्रश्न उपयोगी आहेत. आधी पाच जणांकडून फॉर्म भरून घेऊन कोणता प्रश्न त्यांना कळला नाही ते विचारावे, मगच तो पुढे पाठवावा. उत्तर देणे ऐच्छिक आहे आणि नाव विचारले जाणार नाही, हे फॉर्मच्या पहिल्याच ओळीत लिहावे आणि खरोखरच नाव किंवा फोन क्रमांक मागू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवून शेकडो उत्तरे आली तरी ती समाजाची उत्तरे ठरत नाहीत. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि तरीही अध्यक्षीय निवडणुकीचा त्यांचा अंदाज साफ चुकला. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने जिंकले. पत्ते दूरध्वनी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले होते, आणि ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली ते सर्वांसारखे नव्हते. आपल्या फॉर्मपर्यंत कोण पोहोचू शकत नाही, हे म्हणूनच आधी लिहून काढावे : ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांचा फोन घरातील पुरुषाच्या हातात असतो, जे लिहू-वाचू शकत नाहीत. त्यांपैकी तिघा-चौघांशी प्रत्यक्ष बसून बोलावे आणि तेच प्रश्न तोंडी विचारावेत. फॉर्ममधील उत्तरे आणि ही उत्तरे जिथे जुळत नाहीत, त्या जागेवर अहवालाचा मुख्य परिच्छेद लिहावा.

अहवाल हजार-बाराशे शब्दांचा असावा : प्रश्न, पहिल्या दिवशी लिहिलेला अंदाज, माहिती कशी जमवली, काय आढळले, कोण सुटले आणि कोणती संकल्पना या निष्कर्षाला लागू पडते. तो शिक्षकांना किंवा अभ्यासक्रमाच्या चर्चेत देण्याआधी, ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांपैकी एकाला वाचून दाखवावा, त्यांनी नोंदवलेले आक्षेप त्यांच्याच शब्दांत अहवालाच्या शेवटी जोडावेत आणि प्रत कोणाला द्यायची याची परवानगी त्यांच्याकडून घ्यावी.